ठमीच्या वाटचे अनारसे

"जावयबापू, पायातले बूट तरी काढा," मालनबाई म्हणाल्या.

गोविंदाने बूट काढले नाहीत. तो उंबऱ्यातच बसून राहिला, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. पिशवीच्या तोंडातून घोडा घासायच्या ब्रशची मूठ बाहेर आली होती. मालनबाईंनी कढईखालचा गॅस बंद केला. पुण्याच्या शर्यतींचा हंगाम ऐन भरात असताना सईस आठवड्याच्या मधल्या वारी घरी येत नाही, एवढे त्यांना लेकीच्या लग्नापासून कळले होते. घोड्याला रविवार नसतो, सणवार नसतो, म्हणून त्याची देखभाल करणाऱ्यालाही नसतो.

"सुट्टी मिळाली?"

"सुट्टी नाय, मामी. बाहेर काढलंय. सुनावणी होईपर्यंत तबेल्यात पाय नाय टाकायचा."

"का? ठमीला काय झालं?"

ठमीला काही झाले नव्हते. शर्यतीच्या पुस्तकात या घोडीचे नाव लांबलचक इंग्रजी होते. गोविंदालाही ते एका दमात म्हणता येत नसे. तबेल्यात आली तेव्हा ती गुबगुबीत आणि हट्टी होती, म्हणून त्याने तिला ठमी म्हटले आणि पुढे सगळेच म्हणू लागले. या ठमीने अधिक महिन्यात एक शर्यत जिंकली होती. तिच्याकडून कुणाचीच अपेक्षा नव्हती, त्यामुळे त्या दिवशी टिटवाळ्याच्या या चाळीत पेढे वाटले गेले होते.

"लघवीत निघालं," गोविंदा म्हणाला. "मॉर्फीन. दुखणं मारायचं औषध असतं. अफूपासून करतात."

"आणि ते तुम्ही दिलं म्हणतात?"

"मग काय म्हणणार? रात्रंदिवस तिच्याजवळ मीच. आणि ऐका ना मामी, गंमत काय आहे..." तो हसायला गेला आणि त्याला जमले नाही. "जिंकलेल्या घोड्याला शर्यत संपली की वेगळ्या खोलीत नेतात. तिथला माणूस लांब दांड्याचं भांडं धरून शीळ घालतो. शीळ ऐकली की घोडा मुततो. तशी सवयच असते त्यांना. पण ठमी दुसऱ्याच्या शिळेला दाद देत नाय. तो माणूस थकला. मग मीच शीळ घातली. मी औषध दिलं असतं तर घातली असती का?"

"हे सांगितलंत त्यांना?"

"सांगितलं. तर क्लबवाले म्हणाले, तिकिटांचं बोला. कल्याणच्या बेटिंगच्या केंद्रावर एकाच माणसाने ठमीवर गठ्ठाभर तिकिटं काढलीत. बाकी अख्ख्या महाराष्ट्रात तिला कोण विचारत नव्हतं. खिडकीवरच्या माणसाला तो चांगला आठवतोय. प्रत्येकाचं वेगळं तिकीट मागत होता आणि रांगेतल्या सगळ्यांना सांगत होता, आमच्या जावयाची घोडी आहे."

मालनबाईंनी कपाळाला हात लावला. "दगडू." चाळीतला हा रिक्षावाला शेजारधर्माने गोविंदाला आपलाच जावई म्हणायचा.

"दगडूच. आता तुम्ही सांगा, बाहेरच्याला काय वाटेल? सईसाने घोडीला औषध दिलं आणि सासरच्यांना तिकिटं काढायला सांगितलं. सरळ हिशोब आहे. मुद्दाम दिलं असं ठरलं तर लायसन कायमचं जाईल. देशातल्या कुठल्याच तबेल्यात शिरता येणार नाय. मला दुसरं येतं काय? बापाने पण हेच केलं."

मालनबाई ओट्याकडे वळल्या. त्यांनी चहाचे आधण ठेवले. ओट्यावर ताटलीत खसखस पसरलेली होती. एका गिऱ्हाइकाच्या बारशाचे अनारसे आज द्यायचे होते. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, सावलीत सुकवून कुटायचे, गुळात मळून पीठ मुरू द्यायचे आणि मग छोटी गोळी खसखशीवर थापून तुपात सोडायची. खसखशीची बाजू वर ठेवायची, उलटायचे नाही. नवरा गेल्यावर मालनबाईंनी याच हातावर लेकीला, ऐश्वर्याला वाढवले आणि विठ्ठलवाडीला गोविंदाच्या घरी दिले.

चहाची पूड हातात तशीच राहिली.

मागच्या दिवाळीत शेजारच्या इमारतीतला सलिल नोकरीसाठी दुबईला निघाला होता. त्याची आई सुमेधाताई फराळाची ऑर्डर द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "मालनबाई, याच्या अनारशांना खसखस नको हं. तिकडे विमानतळावर पकडतात. अफूचंच बी ना ते." तेव्हा मालनबाईंना हसू आले होते. खसखशीला कोण पकडतं!

"जावयबापू," त्या वळून म्हणाल्या, "अधिकाच्या वाणातले अनारसे तुम्ही ठमीला दिलेले. फोनवर सांगितलेलंत."

"हां. तेहतीस अनारसे एकटा माणूस कसा खाईल? डबा उघडला की ती मान बाहेर काढायची. तुपाचा वास तिला बरोबर कळतो."

"शर्यतीच्या आदल्या दिवशी पण दिलेत?"

"दिलेले ना. शेवटचे उरलेले आणि डब्यातला चुरा. तळाला खसखस साचलेली, तीपण तिने हातावरून चाटून..." गोविंदा थांबला. त्याने ओट्यावरच्या ताटलीकडे पाहिले. मग सासूकडे पाहिले.

"नाय मामी," तो म्हणाला. "असं कसं होईल? खायची वस्तू आहे ती."

"मला काय कळतं त्यातलं? पण ज्याला कळतं त्याला विचारायला पाहिजे. लावा फोन तिथल्या डॉक्टरला."

"नका. तबेल्याचा खुराक सोडून बाहेरचं एक पान द्यायचं नाय, असा नियम आहे. ते कबूल केलं तरी मी अडकतो. आणि तुमचं नाव त्या कागदांत कशाला? अधिकाचं वाण आहे ते. चार लोकांत त्याचं असं..."

"वाणाला काय होतंय?" मालनबाईंचा आवाज चढला नाही, पण त्यात एक टणकपणा आला. "चूक झाली असेल तर ती चुकीएवढीच राहू दे. तिला चोरी का म्हणून ठरवू द्यायची त्यांना? लावा फोन. तुम्हाला बोलवत नसेल तर मी बोलते."

फोनवर डॉक्टर क्षिप्रा होत्या. शर्यतीच्या घोड्यांची तपासणी त्यांच्याकडे असे. मालनबाईंनी आधी आपले नाव सांगितले, मग जावयाचे, मग अनारशांचे. पलीकडे कागद उलटल्याची सळसळ ऐकू आली.

"मावशी," शेवटी आवाज आला, "ती खसखस अजून आहे तुमच्याकडे? तीच?"

"त्याच पुड्यातली आहे. अर्धी उरली आहे."

"तिला हात लावू नका. मी येते."

त्या संध्याकाळी बारशाचे अनारसे गेले नाहीत. मालनबाईंनी पुडा स्टीलच्या डब्यात ठेवला, डब्याला फडके बांधले आणि देवघराच्या फळीवर ठेवला. गणपती तोंडावर आले होते. टिटवाळ्यात या दिवसांत मोदकांच्या ऑर्डरी संपता संपत नाहीत आणि सारणात खसखस लागते. मालनबाईंनी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितले, "यंदा खसखशीशिवाय. चालत असेल तर बोला." काहींना चालले, काहींना नाही.

डॉक्टर क्षिप्रा आल्या, बरोबर शर्यती भरवणाऱ्या क्लबचा एक माणूस होता. ऐश्वर्याच्याच वयाच्या होत्या, केस आखूड, बोलणे सावकाश. त्यांनी डबा सोडायच्या आधी फोटो काढला. खसखशीचे दोन भाग केले, दोन पिशव्यांत भरले, दोन्हींना लाखेचे सील लावून मालनबाईंची सही घेतली. "एक भाग प्रयोगशाळेत जाईल. दुसरा तसाच राहील. उद्या कुणी शंका घेतली तर तो उघडायचा. ठमीच्या नमुन्याचंही असंच असतं."

"बाई, एक सांगा," मालनबाईंनी विचारले. "आम्ही एवढी वर्षं खातोय. आम्हाला कधी काही झालं नाही."

"होणारही नाही. खसखस अफूच्या बोंडातलंच बी. बियांत नशा नसते. पण बोंडातला चीक कधीकधी बियांना लागून येतो. कुठल्या पोत्यात जास्त, कुठल्यात अगदी थोडा. तो ठमीला चढला असेल, ती त्यामुळे जिंकली असेल, असं मला वाटत नाही. पण यंत्र तेवढं पाहत नाही. ते फक्त आहे की नाही एवढंच सांगतं. आणि नियमही तसाच आहे. कारण काहीही असो, नमुन्यात सापडलं की जिंकणं रद्द."

"म्हणजे मी सांगितलं तरी ठमीचा नंबर जाणार?"

"जाणार. गोविंदाने हेतूने केलं नाही, एवढंच सिद्ध होऊ शकतं. तेसुद्धा अर्धंच. तिकिटांचं उत्तर माझ्याकडे नाही."

तिकिटांचे उत्तर स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर, आपल्या रिक्षाच्या नव्या सीटवर पाय दुमडून बसले होते.

"मालनताई, मी कशाला येऊ पुण्याला?" दगडू म्हणाला. "मी काय गुन्हा केलाय? अधिकृत खिडकीवर तिकीट काढलं, रांगेत उभं राहून."

"गुन्हा केलास असं कोण म्हणतंय? कशामुळे काढलीस तेवढं सांग."

"कशामुळे म्हणजे? तूच नाय का बोललीस? अनारसे द्यायला आलेलीस तेव्हा. ठमीलापण माझे अनारसे आवडतात, शनिवारी पळणार आहे ती, म्हणून. मी म्हटलं, जावयाच्या वाणातलं घोडी खाते म्हणजे घरचीच झाली. मग चाळीतल्या सगळ्यांनी थोडं थोडं दिलं."

"मग हेच सांगायचं."

"हसतील ना ते!"

"हसू देत. हसले तर बरंच आहे."

दगडूने रिक्षाचा आरसा उगाचच फिरवला. "आणि पैसे परत मागितले तर? सीट बदललं मी त्यात."

"ते विचारलं मी. एकदा निकाल जाहीर होऊन पैसे वाटले की ते फिरत नाहीत. घोडीचा नंबर जाईल, मालकाचं बक्षीस जाईल. तुझं सीट राहील."

"असं?" दगडूचा चेहरा उजळला. मग थोडा विचारात पडला. "आणि ज्यांनी दोन नंबरच्या घोड्यावर लावलेले? आता तो एक नंबर होणार ना?"

"होणार. पण त्या लोकांना काही मिळत नाही. त्यांची तिकिटं त्यांनी त्याच दिवशी फाडून टाकली."

दगडूने सीटवर दुमडलेले पाय खाली सोडले. तो नेहमी त्याच बाजूचा होता. त्याची आयुष्यभराची तिकिटे केंद्राच्या दारात फाडलेलीच होती. एखाद्या घोड्याविषयी काहीबाही ऐकू आले की तो रांगेतच ओरडायचा, "साला, सेटिंग आहे सगळी!" आणि आता कल्याणच्या त्याच रांगेत कुणीतरी हे त्याच्याविषयी, गोविंदाविषयी म्हणत असणार.

त्याची बायको विमलाबाई भाजीची पिशवी घेऊन केव्हाची मागे उभी होती. तिने पिशवी नव्या सीटवर आदळली. "येतील ते, मालनताई. आणि नाय आले तर मी येईन. ही तिकिटं काढायला पैसे कुठल्या डब्यातून गेले, तेपण सांगेन तिकडे."

"अगं येतो ना, मी नाय कुठे म्हटलं?" दगडू म्हणाला.

सुनावणीची खोली मोठी होती आणि भिंतीवर घोड्यांच्या तसबिरी होत्या. लांब टेबलामागे शर्यतींचा न्याय करणारे तिघे बसले होते. मधले वयस्कर होते, त्यांना सगळे प्रभाकरराव म्हणत. एका बाजूला ठमीचा ट्रेनर हरिहर मान खाली घालून बसला होता. तबेल्यातल्या प्रत्येक गोष्टीला शेवटी तोच जबाबदार असतो. गोविंदा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. मालनबाईंना खुर्ची दिली, पण त्याही उभ्याच राहिल्या.

डॉक्टर क्षिप्रांनी अहवाल वाचला. पुड्यातल्या खसखशीत मॉर्फीनचे प्रमाण नेहमीपेक्षा बरेच जास्त होते. ठमीच्या नमुन्यात सापडले ते अशा खसखशीतून येऊ शकते. आलेच असे त्या म्हणाल्या नाहीत. येऊ शकते, असे म्हणाल्या.

"मालनबाई," प्रभाकरराव म्हणाले, "तुमच्या जावयाने पहिल्या जबानीत अनारशांचा उल्लेख केला नाही. त्याला वाचवायला हे आता सुचलं, असं आम्ही का समजू नये?"

"समजा ना. तुमचं कामच आहे ते," मालनबाई म्हणाल्या. "पण त्यांना विचारलं औषध काय दिलं म्हणून. अनारसा औषध आहे हे त्यांना कुठे माहीत होतं? मलाही नव्हतं. आमच्याकडे अधिकात जावयाला वाण देतात. दिवा लावून, तांब्याच्या ताटातून. मी दिलं. त्यांनी ते जिच्यावर जीव आहे तिला दिलं. द्यायला नको होतं. नियम आहे, तो त्यांनी मोडला, त्याची शिक्षा द्या. माझं म्हणणं एवढंच आहे की जे केलं त्याची द्या. जे केलं नाही त्याची देऊ नका."

"आणि ही तिकिटं?"

दगडू पुढे झाला. त्याने हात जोडले, मग सोडले, मग खिशात घातले आणि परत बाहेर काढले. "साहेब, ती मी काढली. माझी अन् चाळीतल्या लोकांची. या बाईने सांगितलं घोडी अनारसा खाते. मला वाटलं शकुन आहे."

"शकुन," प्रभाकररावांच्या शेजारचा म्हणाला. "की आतली बातमी?"

"साहेब, आतली बातमी असती," दगडू कळवळून म्हणाला, "तर मी रिक्षा विकून पैसे लावले असते ना! तुम्ही तिकिटं बघा. एकेकाने भेळेचे पैसे लावलेत. बातमी असलेला माणूस भेळेचे पैसे लावतो का? आणि रांगेत बोंबलत सांगतो का, माझ्या जावयाची घोडी म्हणून?"

टेबलामागचे एकजण हसले. मग दुसरे. प्रभाकरराव हसले नाहीत. त्यांनी समोरचा तिकिटांचा तपशील ओढून घेतला आणि बोट फिरवत तो पुन्हा सावकाश वाचला.

बाहेर बाकावर बराच वेळ थांबावे लागले. विमलाबाईने बांधून दिलेल्या दशम्या दगडूने उघडल्या, पण कुणीच खाल्ल्या नाहीत. दार उघडले तेव्हा गोविंदा उठला आणि मालनबाईंनी त्याच्या शर्टाची कॉलर सारखी केली, जशी शाळेच्या दारात मुलाची करतात.

निकाल सरळ होता. ठमीचे जिंकणे रद्द. हरिहरला दंड. गोविंदाने मुद्दाम औषध दिल्याचा आरोप टिकत नाही. परवानगीशिवाय बाहेरचे खाणे दिल्याबद्दल त्याचे लायसन हा हंगाम संपेपर्यंत स्थगित. मुंबईचा हंगाम सुरू झाला की तो परत कामावर येऊ शकेल. तोवर तबेल्याच्या आवारात यायचे नाही.

"कायमचं नाय ना?" दगडूने दोनदा विचारले.

"नाय," गोविंदा म्हणाला. "कायमचं नाय."

हरिहर बाहेर आला. गोविंदाजवळ क्षणभर थांबला. "मुंबईत ये," एवढेच म्हणाला आणि निघाला. मग मागे वळून म्हणाला, "तिच्यासाठी नवा पोरगा ठेवलाय. त्याच्या हातून ती खुराक टाकते."

मालनबाईंनी डॉक्टर क्षिप्रांना गाठले. "बाई, मी तिला कधी पाहिलं नाही. फोटोतच पाहिलंय. येऊ का?"

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. "या. माझ्याबरोबर."

गोविंदा तबेल्याच्या फाटकापाशी थांबला. पहारेकरी त्याला ओळखत होता, म्हणूनच दोघेही एकमेकांकडे पाहत नव्हते. "मामी," तो म्हणाला, "डाव्या बाजूने जा. उजवीकडून कुणी आलं तर दचकते."

ठमी फोटोतल्यापेक्षा मोठी होती. तांबूस अंग, कपाळावर पांढरा ठिपका. खुराकाची बादली समोर तशीच होती. माणसांची चाहूल लागताच तिने अर्ध्या दारावरून मान बाहेर काढली, नाकपुड्या फुलवल्या आणि मालनबाईंच्या दिशेने हवा ओढली. दुसऱ्यांदा ओढली. मग तिने मान लांबवून थेट त्यांच्या पदराकडे तोंड नेले.

मालनबाई पटकन मागे सरल्या.

"घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. "काही करत नाही ती."

"घाबरले नाही. नळ कुठे आहे?"

भिंतीजवळ नळ होता. मालनबाईंनी बांगड्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. नखांच्या फटी घासून काढल्या. गूळ, तूप, खसखस यांत जन्म गेलेले हात होते ते. पाणी झटकले, हात हुंगून पाहिले आणि परत धुतले. पदराचे टोक कमरेला घट्ट खोचले. मग डाव्या बाजूने पुढे आल्या आणि दोन्ही तळहात उघडून ठमीसमोर धरले.

ठमीने ते हुंगले. ओठांनी एकेक बोट तपासले. काही नव्हते. तरी तिने तोंड काढून घेतले नाही.

मग तिचे कान उभे राहिले आणि फाटकाच्या दिशेला वळले. मालनबाईंनीही कान दिला. फाटकाबाहेर गोविंदा उभा होता, हे दोघींना माहीत होते. त्याची शीळ आली नाही.

"येतील ते," मालनबाई म्हणाल्या आणि ओला हात तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवला. "तोवर बादलीतलं खा."